अकरा जत्रांचा पास

मी प्राथमिक शाळेत अंकगणित शिकवतो आणि कुठलीही वस्तू फुकट गेलेली मला बघवत नाही. माझ्या वर्गात खडू नखाएवढा होईपर्यंत वापरतात. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असल्यामुळेच बाबली पाळणेवाला आपला नवा पास घेऊन सगळ्यांत आधी माझ्या पडवीत आला. माणूस बेरकी होता.

साल अठ्ठावन्न. दिवाळी नुकतीच उरकली होती. बाबली दर वर्षी आपला लाकडी पाळणा बैलगाडीवर लादून मालवणपासून बांद्यापर्यंतच्या जत्रा करायचा. त्या वर्षी त्याने चार खुर्च्यांचा पाळणा मोडून आठ खुर्च्यांचा केला. त्यात सुताराने त्याला पुरता धुतला, आणि जत्रा सुरू होण्याआधीच चार पैसे हातात यावेत म्हणून त्याने ही अक्कल लढवली होती. गुलाबी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर खुद्द बाबलीचा अंगठा.

"मास्तरांनू, चार रुपये," तो म्हणाला. "जोडप्याचो पास. आतापासून शिमग्यापर्यंत खंयच्याय जत्रेत येवा, कितीय वेळा बसा."

"कितीय वेळा?"

"चक्कर येवन पडापर्यंत!"

मी त्याला दोन दिवसांनी ये म्हटलं आणि पाटी घेऊन बसलो. पाळण्यात एकदा बसायचा माणशी एक आणा, म्हणजे दोघांचे दोन. चार रुपयांचे चौसष्ट आणे, म्हणजे दोघांनी बत्तीस वेळा बसलं तर पास वसूल. एका जत्रेत शहाणं माणूस तीनदा बसेल. आमच्या जाण्यायेण्यातल्या जत्रा मी मोजल्या, त्या दहा निघाल्या. दहा त्रिक तीस. दोन खेपांचे चार आणे बुडत होते. एस.टी.चं भाडं मी हिशेबात धरलं नाही, कारण जत्रेला माणूस जातोच.

"नको," मी आत ओरडून सांगितलं. "चार आणे बुडतात."

माझी बायको सुगंधा विळीवर बांगडे कापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आणि अकरावी धरलास तर?"

अकरावी म्हणजे कुठली, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. अकरावी म्हणजे बांद्याच्या अलीकडचं तिचं माहेर. पाच वर्षं मी त्या गावात पाय ठेवला नव्हता आणि त्यामुळे तिनेही ठेवला नव्हता. मी तिला कधी अडवलं नाही. 'तू जा' म्हणत होतो. पण नवरा नसताना जत्रेला गेलेल्या बाईला शंभर जण शंभर प्रश्न विचारतात, आणि माझी सुगंधा त्यातलं एकही उत्तर द्यायला तयार नव्हती. तिकडे तिची आई, हौसाबाई, दर वर्षी देवळाच्या पायरीवर खण-नारळ घेऊन लेकीची ओटी भरायला बसायची आणि तसाच नारळ घेऊन घरी परतायची. हे मला येणारी-जाणारी माणसं मुद्दाम सांगत.

भांडण कशावरून, तेही सांगून टाकतो. माझ्या मेव्हणीच्या लग्नात सोलकढीचा अंदाज मी काढला होता. एकशे चाळीस पानं, पानाला एक वाटी, वर दहा वाट्या जास्तीच्या. तिसरी पंगत अर्धी झाली आणि कढी संपली. माझा मेव्हणा हरिश्चंद्र, बांद्याच्या बाजारात त्याचं किराणा दुकान, तो भर पंगतीत मोठ्याने म्हणाला, "मास्तरांचो हिशेब पाटीरच बरो!" सगळी पंगत हसली. मी पानावरून उठलो, वहाणा घातल्या आणि थेट मोटार पकडली. माणसाला माणूस काही बोलू शकतो, पण माझ्या हिशेबाला कुणी बोलायचं नाही.

"अकरावी धरायची नाही," मी म्हटलं. पण हात पाटीवर गेलाच. अकरा त्रिक तेहेतीस. एक खेप वर. दोन आणे फायदा!

झाली का पंचाईत! पास घ्यावा तर सासुरवाडीला जावं लागतं, न घ्यावा तर फायदा दिसत असताना सोडावा लागतो. रात्री मला झोप लागेना. सकाळी सुगंधा म्हणाली, "इतको इचार कित्याक करतास? देवाक कौल लावा. म्हस इकूची झाली तरी लोक लावतत."

हे मात्र मला पटलं. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देवळात गेलो. गावचे मानकरी दाजी गावकर यांनी मामला ऐकून घेतला. पाळण्याच्या पासाला कौल लावायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. बातमी कळून वीसेक माणसं जमली होती.

"जत्रा किती?" दाजींनी विचारलं.

मी 'दहा' म्हणायला तोंड उघडलं, तोवर मागून सुगंधा म्हणाली, "अकरा."

दाजींनी हात जोडले आणि त्यांचा तो घंटेसारखा आवाज लागला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकरान, गुरुदास मास्तरान, पाळण्याच्या पासाचा गाराणा तुझ्या पायाकडे घातला हा, ता मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पास घेवचो आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी. आणि उजवो दिलंस तर ह्यो तुझो लेकरू अकराय जत्रेंका बायलेक घेवन जातलो, एकय चुकवचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. काय करणार? गाऱ्हाण्यात 'म्हाराजा' ऐकलं की 'व्हय' आपोआप बाहेर पडतं, आईच्या मांडीवर बसल्यापासूनची सवय. आपण कशाला व्हय म्हणालो, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत उजवी पाकळी टपकन खाली पडली होती. गुरवाने प्रसाद माझ्या हातात ठेवला. मी सुगंधाकडे बघितलं, ती डोळे मिटून नमस्कार करत होती. फारच मनापासून करत होती.

आता पहिल्या जत्रेचं सांगतो. चार माणसं पाळण्याला हाताने रेटा देत होती, आम्ही वर जात होतो, आणि मी धोतर सावरून, मास्तराला शोभेल अशा गांभीर्याने बसलो होतो. पाळणा वरून खाली यायला लागला आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही, माझ्याच शाळेतल्या दोन पोरांच्या आईबापांनी ते ऐकलं आहे. माझी काळी टोपी उडाली ती थेट गुळातलं खाजं विकणाऱ्याच्या परातीत. खाली उतरलो, तेव्हा जमीन हलत होती, देऊळ हलत होतं, बाबलीला दोन डोकी होती, आणि मी हसत होतो. चाळीस वर्षांच्या आयुष्यात असा मी कधी हसलो नव्हतो. "परत!" मी म्हटलं. शहाणं माणूस तीनदा बसेल असं पाटीवर लिहिणारा मी, सहा वेळा बसलो.

मग मला वेडच लागलं. शाळा सुटली की मी पंचांग काढायचो, पुढची जत्रा कुठल्या तिथीला. वरून काय काय दिसायचं! एका जत्रेत माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसला, त्यावर सूर्य टेकलेला, आणि पुढच्याच क्षणी समोर मालवणी खाजं, कांदाभजी आणि शेंगदाण्यांचे ढीग. परत समुद्र, परत भजी. मी गाणी म्हणायला लागलो. टोपीला दोरी लावून ती गळ्यात बांधली. सुगंधा शेजारी बसलेली असायची, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, डोळे मिटून, ओठ आवळून. मला वाटायचं, सुखाने मिटले आहेत. प्रत्येक खेपेला मी खिशातल्या वहीत एक रेघ मारायचो. सहाव्या जत्रेत बत्तिसावी रेघ पडली, तेव्हा मी भर जत्रेत बाबलीला मिठी मारली. तो बिचारा रडवेला झाला होता.

दहावी जत्रा झाली तेव्हा वहीत एकसष्ट रेघा होत्या. घरी येता येता मी विषय काढलाच. "पास वसूल झालो गो. जवळजवळ दोनदा झालो. आता अकरावी नाय केली तरी चलात."

"पास वसूल झालो," सुगंधा म्हणाली. "देवाक काय सांगतलास?"

देवाला काय सांगणार? वीस माणसांसमोर मीच ओरडून सांगून बसलो होतो.

तर अकराव्या जत्रेला गेलो. ठरवून गेलो की कुणाशी बोलायचं नाही, पाळण्यात बसायचं आणि शेवटच्या मोटारीने परत. सुगंधाने हिरवं लुगडं नेसलं होतं. देवळाच्या पायरीशी हौसाबाई बसली होती, मांडीवर खण, त्यावर नारळ. लेकीला बघितल्यावर तिला उठता येईना, तेव्हा सुगंधाच धावली आणि पायरीवर बसून आईच्या कुशीत तोंड घातलं. मी दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे नेमका हरिश्चंद्र उभा होता, म्हणून मी आभाळाकडे बघितलं.

थोड्या वेळाने मी पाळण्यापाशी जाऊन हाक मारली, "सुगंधा, चल गो!"

"माका आवशीकडे बसूचा आसा," ती तिथूनच म्हणाली. "तुमी जावा."

"अगो, पास दोघांचो आसा! अर्धो फुकट जाता!"

"मगे दुसऱ्या कोणाक तरी घेवा," ती म्हणाली आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या भावाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. तोही बहिणीला नाही म्हणू शकला नाही. बाबली ओरडत होता, "लवकर करा, खुर्ची रिकामी जाता!" आता तुम्हीच सांगा. एका बाजूला पाच वर्षांचा राग आणि दुसऱ्या बाजूला रिकामी जाणारी खुर्ची. मी सरकून जागा केली.

आम्ही तोंडं दोन दिशांना करून बसलो. पाळणा निघाला, वर गेला, आणि खाली माणसं भरायला म्हणून आमची खुर्ची अगदी टोकाला असताना थांबला. खुर्ची झुलायला लागली. मला तर आता सवय होती. हरिश्चंद्र पांढराफटक पडला होता. त्याने आधी दांडा धरला, मग माझा दंड धरला. त्याच वेळी देवळात गाऱ्हाणं सुरू झालं, कर्णा लावलेला असल्यामुळे शब्द न् शब्द वर येत होता.

"बा देवा म्हाराजा, जो कोण रागान लांब ऱ्हवलो आसात, तेका जवळ घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो. हरिश्चंद्रही म्हणाला. दोघांच्याही तोंडून एकदमच निघून गेलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि तेवढ्यात पाळण्याला हिसका बसला.

"मास्तरांनू!" तो किंचाळला. "देवाशपथ खरा सांगतंय! कढी तुमच्या हिशेबान कमी पडूक नाय! मागल्या दारी एक टोप माझ्या हातसून लवंडलो! कोणाक सांगूचो धीर झालो नाय!"

पाच वर्षं! एक वाटी पानाला, वर दहा वाट्या! मी खुर्चीत अर्धा उभा राहिलो आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा ओरडलो, "हिशेब बरोबर होतो! एकशे चाळीस पानांचो हिशेब बरोबर होतो!" खालून लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशाबद्दल ते त्यांना कुठे माहीत! हरिश्चंद्र माझ्या धोतराचा सोगा धरून "बसा वो, बसा वो!" म्हणत रडत होता, मग मला हसू आलं, मग त्यालाही आलं, आणि पाळणा खाली झेपावला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून बोंबलत होतो. सलग पाच खेपा आम्ही उतरलोच नाही.

उतरल्यावर हेलकावे खात देवळाच्या पायरीशी गेलो आणि सासूच्या पाया पडलो. सुगंधाच्या ओटीत खण, नारळ, तांदूळ, सगळं भरलेलं होतं आणि ती अगदी लहान मुलीसारखी दिसत होती. माझा आनंद पोटात मावत नव्हता.

"चल," मी म्हटलं, "शेवटची एक खेप दोघांनी मारूया."

"माका नको," ती म्हणाली. "माका पाळण्यात चक्कर येता."

"कधीपासून?"

"पयल्या जत्रेपासून."

हौसाबाई लेकीकडे बघून डोळे पुसत हसली. मी खिशातली वही काढली. दहाव्या जत्रेपर्यंतच्या एकसष्ट रेघा. एकसष्ट वेळा ती डोळे मिटून, ओठ आवळून, या पायरीपर्यंत पोचण्यासाठी माझ्या शेजारी बसली होती, आणि मी दर खेपेला आनंदाने एक रेघ ओढत होतो.

"अगो, मगे सांगूचा नाय?" मी कसंबसं म्हटलं.

तिने ओटीतला नारळ माझ्या हातात दिला आणि पदर सावरला.

"सांगला आसता," ती म्हणाली, "तर तुमचो अर्धो पास फुकट गेलो आसतो."