हात वर करा!

बाळांच्या वॉर्डाबाहेर ही झुंबड! स्पर्शमहाराज आले होते. आतल्या तीन आठवड्यांच्या पोरीचा लुळा हात ते नुसत्या स्पर्शाने हलवणार होते.

"आईचं पाप पोरीच्या हातात उतरलंय," महाराज म्हणाले. "सुई टोचलीत तर माझी शक्ती चालणार नाही. घरी आणा."

आजी बाळाला उचलायला निघाली. मी, तिथली डॉक्टर, आडवी उभी राहिले.

"अहो बाई, पोटुशी असताना हिच्या आईच्या तळहातांवर पुरळ होतं," आजी म्हणाली. "महाराजांनी हात फिरवला, गेलं! म्हणून तर रक्त तपासलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महाराज गर्दीकडे वळले. "माझ्या स्पर्शाने कुणाचे डाग गेले? हात वर करा!"

भराभर हात वर गेले. पोरीच्या बापाचाही!

मी घरच्यांना आत घेतलं, दार लावलं आणि बापाला विचारलं, "तुला काय झालं होतं रे?"

त्याने मान खाली घातली. "फोड. नाजूक जागी. दुखत नव्हता. महाराजांनी हात लावून दिलेल्या तेलाने बरा झाला."

"तेलाशिवायही झाला असता! हा सिफिलिस, गरमी. फोड आपोआप भरतो, पुरळ आपोआप जातं, रोग रक्तात ठाण मांडून बसतो. तो दडी मारतो आणि श्रेय हा बाबा लाटतो! तुझ्याकडून बायकोला गेला, तिच्याकडून पोटातल्या पोरीला. हिचं नाक वाहतंय, तळवे सोलवटलेत. एक्स-रेत हाडांची टोकं कुरतडल्यासारखी दिसतात. हात दुखतो म्हणून हलवत नाही बिचारी. रक्ताच्या तपासणीतला रोगाचा आकडाही आईच्या कितीतरी पट आहे, म्हणजे रोग हिला स्वतःलाच जडलाय. पाप म्हणे! पेनिसिलिनने बरा होणारा रोग आहे हा. गरोदरपणीच रक्त तपासलं असतं, तर पोरीच्या वाट्याला हे आलंच नसतं."

पोरीची आई नवऱ्याला म्हणाली, "तीन आठवडे मला पापीण म्हणू दिलंत. आता मुकाट्याने हात पुढे करा."

त्याने बाही वर सारली. आजी भिंतीला टेकून रडू लागली. "टोचा बाई, पोरीला टोचा."

पोरीचं इंजेक्शन सुरू करून मी दार उघडलं. महाराज जिन्याकडे सटकत होते.

"डाग गेला म्हणून रोग गेला असं नसतं!" मी गर्दीला ओरडून सांगितलं. "खरं काय ते रक्त सांगेल. मघाशी ज्यांनी ज्यांनी हात वर केले, त्यांनी तेच हात इकडे आणा. गरोदर बायका आधी!"