छताखालची रेघ

या, जरा जवळ सरका. मागे बसलात तर अर्धी गोष्ट पंख्याच्या आवाजात जाईल. एका रंगाऱ्याची सांगतो. हात सोन्याचा, हट्ट मात्र लोखंडाचा.

तर हा रंगारी आणि त्याचा जुना मित्र, बसड्रायव्हर, नव्या कलेच्या संग्रहालयात शिरले. पहिल्याच दालनात मोडक्या खुर्च्यांचा ढीग.

"हे मी घरी ठेवलं तर बायको मलाच बाहेर काढते," ड्रायव्हर म्हणाला. "इथं तिकीट लावलंय!"

पुढच्या दालनात एका रिकाम्या पांढऱ्या भिंतीपुढे त्याने हात मागे बांधले, मान तिरकी केली. "हे मात्र आवडलं. शांत वाटतं बघ."

"गधड्या, ती नुसती भिंत आहे. मी रंगवलेली."

"मग तुझ्या नावाची पाटी कुठाय?"

रंगारी हसला नाही. या भिंतीसाठीच तो आला होता. छत करडं, भिंत पांढरी. दोन्हींमधली रेघ चिकटपट्टी न लावता, नुसत्या ब्रशने ओढलेली. चाळीस वर्षं तो अशीच ओढत आला होता. पण या कामानंतर लेकाने ब्रश काढून घेतला. "बाबा, हात कापतोय तुमचा. शिडीवरून पडाल." तेव्हापासून सहा महिने बापलेकांत बोलणं नव्हतं. रेघ सरळ असली की लेक खोटा ठरणार होता. अडचण एकच, मोतीबिंदूमुळे रंगाऱ्याला वरचं धूसर दिसे.

"तुझे डोळे ड्रायव्हरचे. बघून सांग. माझं मन राखू नकोस."

ड्रायव्हर मान वर करून सावकाश भिंतीच्या कडेने गेला. कोपऱ्याशी थांबला.

"बोल की!"

"दारापर्यंत दोरी ताणल्यासारखी आहे."

"आणि पुढं?"

"पुढं हललीय. चांगली हातभर. करड्यात पांढरा शिरलाय."

"नीट बघितलंस?"

ड्रायव्हरने पुन्हा वर पाहिलं. "हललीय रे."

रंगारी बाकावर बसला. ड्रायव्हरही शेजारी टेकला. मग रंगाऱ्याने खिशातून फोन काढला, लेकाचा नंबर ड्रायव्हरकडून लावून घेतला.

"मी बोलतोय... जेवलास का?"

ड्रायव्हर उठून पार खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ड्रायव्हरलाही एकदा आठवा. मित्राला बरं वाटेल असं बोलायची संधी त्याला दोनदा मिळाली होती.