ओर्सोलाचा समास

मी एक जुनी छापील प्रत आहे, मित्रांनो. रोमच्या लढायांचा लॅटिन इतिहास माझ्या पानांवर आहे. व्हेनिसच्या छापखान्यात मी दोरीवर ओली लटकत होते, तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवणारा मार्किओ म्हणाला होता, “एवढे रुंद समास मिरवू नकोस, बाई. उद्या कोणीही येऊन अंगावर खरडेल.” मी मनावर घेतलं नाही. कोरी होते, तोऱ्यात होते.

तीसेक वर्षांनी मी एका नोटरीच्या घरी आले. त्याची बायको ओर्सोला, बापाकडून लॅटिन शिकलेली, मला वाचायची. तिचा मुलगा झुआने लढाईवर गेला आणि तिनं माझ्या समासात आपल्या घरच्या बोलीत लिहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला मी चिडलेच. पण ती रोज येई. “आज पत्र नाही.” “लोकरीचे मोजे दिलेत. घालतो की नाही, कोण जाणे.” जिथे दहा हजार पडले असं छापलंय, तिथे तिनं लिहिलं, “यांतल्या किती जणांना थंडी वाजत होती, ते नाही सांगितलं.”

अर्ध्या पुस्तकात तिची ओळ थांबते. का, ते मला आजही ठाऊक नाही.

साडेतीनशे वर्षांनी एका पुस्तकविक्रेत्यानं मला घेतलं. त्याच्या गिऱ्हाइकाला स्वच्छ समास हवे होते. त्यानं माझी शिवण उसवली आणि पानं धुवायला दुकानात कामाला असलेल्या नुन्झियाताकडे दिली. औषधाच्या पाण्यात तेल-काजळीची छापील शाई टिकते, हातानं लिहिलेली विरघळते. ओर्सोलाची अकरा पानांवरची अक्षरं बादलीतून कालव्यात गेली. मी काही करू शकले नाही.

बाराव्या पानावर नुन्झियाता थबकली. हात पुसून तिनं पान उजेडात धरलं. मोज्यांची ओळ वाचली, मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. तिचा मुलगा बेप्पेही सैन्यात होता.

“झालं का गं?” विक्रेत्यानं विचारलं.

“नाही जात शाई, मालक.”

“अकरा पानांची गेली ना?”

“ती वेगळी होती.”

“मला शिकवतेस?”

“शिकवते कशाला? स्वतः घासा. लगदा झाला तर गिऱ्हाइकाला वाटीत घालून द्या, वर चीज किसून.”

“कामावरून काढीन!”

“काढा. पण ही पानं मी पाण्यात घालणार नाही.”

त्यानं तिला खरंच काढलं. गिऱ्हाइकानंही मला नाकारलं.

आता मी ग्रंथालयात काचेखाली आहे. माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘समास खराब.’ खराब? सेनापतींचे पराक्रम सांगणाऱ्या माझ्यासारख्या प्रती आणखीही असतील. ओर्सोला फक्त माझ्याकडे आहे. पुन्हा कोणी पाणी आणलंच, तर माझ्या चिंध्या होतील, पण मी तिला सोडणार नाही.

मला जपा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. मी चिवट आहे. पण तुमच्या गल्लीत एखादीचा मुलगा सीमेवर असेल. विचारलं तर ती ‘मी बरी आहे’ म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. आजच जा, तिच्याजवळ जरा बसा, आणि ती जेवली आहे का, ते बघून या.