उत्तर नको असलेले प्रश्न

मी एक जुने प्रश्नचिन्ह आहे. पुस्तकात दर दोन ओळींनी भेटणारे नव्हे, मित्रांनो. मी प्लायवूडचे आहे, हातभर उंचीचे, खाली मुठीत धरायला दांडा असलेले. माझा वरचा भाग आकड्यासारखा वळलेला असल्यामुळे मला कुठेही अडकवता येते. सध्या मी सातवीच्या वर्गात खिडकीच्या गजाला लटकते आहे. लटकायचे असते तर मी आकडाच झाले असते. पण मला ज्या कामासाठी घडवले ते काम इथे कोणाला नको आहे.

मला इंग्रजीच्या जुन्या बाईंनी करवून घेतले. शाळेत बाकांच्या फळ्या बदलायला सुतार आला होता. बाईंनी त्याला कागदावर तीन आकृत्या काढून दिल्या: पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह.

"हा गोल होईल, ही काठीही होईल," सुतार म्हणाला. "पण बाई, हे वाकडं कशाला? जरा सरळ केलं तर चालणार नाही का?"

"सरळ केलं तर त्याच्यात प्रश्न कुठला राहील?" बाई म्हणाल्या.

सुताराने डोके खाजवले आणि बारीक पात्याच्या करवतीने मला कापले. बाईंनी आम्हा तिघांना लाल रंग दिला. माझ्यापर्यंत येता येता डबा संपला, म्हणून माझी पाठ कोरीच राहिली. पुढे बाईंनी या कोऱ्या पाठीचाही उपयोग करून घेतला.

बाईंच्या तासाला तीन मुले आम्हाला घेऊन फळ्यापाशी उभी राहत. बाई वाक्य वाचत आणि ज्याचे वाक्य त्याने वर व्हायचे. "व्हॉट इज धिस?" म्हटले की मी वर. "व्हॉट अ बिग ट्री!" म्हटले की उद्गारचिन्ह वर. दोन्ही वाक्यांचा पहिला शब्द एकच, त्यामुळे माझा दांडा धरलेले मूल हमखास फसायचे आणि वर्ग खिदळायचा.

"पहिल्या शब्दावर जाऊ नका," बाई सांगत. "बोलणारा काय करतोय ते बघा. विचारतोय, सांगतोय, करायला लावतोय, की नुसताच थक्क झालाय?"

मग एक दिवस त्यांनी वाचले, "हू डझन्ट वॉन्ट टु बी हॅपी?" मी झटकन वर गेले. बाईंनी मला त्या मुलाच्या हातातून घेतले आणि उलटे फिरवून माझी कोरी पाठ वर्गाला दाखवली. आकार माझाच होता, पण रंग नव्हता.

"याला उत्तर हवंय का?" त्यांनी विचारले.

मुले म्हणाली, "नाही. सगळ्यांनाच सुखी व्हायचं असतं."

"झालं तर मग. हे विधान आहे. नुसते प्रश्नाचे कपडे घालून आलंय. म्हणायचं आहे, एव्हरीबडी वॉन्ट्स टु बी हॅपी."

तेव्हापासून मुलांना मला फिरवायचे वेडच लागले. तपासणीला आलेल्या साहेबांनीही मला दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले आणि बाईंना शाबासकी दिली. ते माझे चांगले दिवस होते.

बाई निवृत्त झाल्या आणि सर आले. सर वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. पण त्यांना भाग संपवायची घाई असते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिले: प्रश्नचिन्ह दिसले की प्रश्नार्थक. उद्गारचिन्ह दिसले की उद्गारार्थी. लाइक किंवा अ‍ॅज दिसले की सिमिली, म्हणजे उपमा. "एवढं पाठ करा, मार्क खिशात," ते म्हणाले.

मुलांनी पाठ केले. मग 'आय लाइक मिल्क' ही उपमा झाली. 'ही वर्क्स अ‍ॅज अ ड्रायव्हर' हीसुद्धा उपमा झाली. दुधाची तुलना कशाशी केली आहे, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. मी खिडकीत लटकून चडफडत होते. लाकडाला चडफडता येत नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर चार दिवस येऊन लटकून पाहा.

आमची तर दशाच झाली. पूर्णविराम पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेला. उद्गारचिन्ह निदान सरांच्या हातात राहिले, फळ्यावर दाखवायची छडी म्हणून. माझ्या आकड्याने मुले झरोक्याची कडी ओढतात आणि पन्हाळीत अडकलेला चेंडू काढतात. चेंडू निघाला की मला खाली टाकून सगळी पळतात. पन्हाळीतला चेंडू हाच काय तो माझ्या वाट्याला आलेला प्रश्न!

या वर्गात एक मुलगी आहे. तिला सतत शंका येतात म्हणून सगळे तिला शंकू म्हणतात. एका दुपारी सर कार्यालयात गेले होते आणि वर्गाने छप्पर डोक्यावर घेतले होते. तेवढ्यात मुख्याध्यापिका, म्हणजे मुलांच्या मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या की इंग्रजीतच बोलतात.

"इज धिस अ क्लासरूम ऑर अ फिश मार्केट?"

सगळे चिडीचूप. शंकू तेवढी उभी राहिली आणि म्हणाली, "क्लासरूम, मॅडम."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"हू डू यू थिंक यू आर?"

शंकूने आपले पूर्ण नाव सांगितले. मग इयत्ता, मग तुकडी आणि शेवटी हजेरी क्रमांक.

आता सगळा वर्गच हसत सुटला. खरे सांगते, क्षणभर मला फार आनंद झाला. किती वर्षांनी कोणीतरी प्रश्न मनावर घेऊन त्याचे नीट उत्तर दिले होते! पण मोठ्या बाईंकडे पाहिले आणि माझा आनंद मावळला. त्या दोन्ही प्रश्नांच्या पाठी कोऱ्या होत्या. पोरीला ते दिसलेच नव्हते, कारण मला फिरवून कोणी तिला दाखवलेच नव्हते.

सर धावत आले. "माफी माग आधी!"

"मागते, सर. पण माझं काय चुकलं?"

याहून स्वच्छ प्रश्न मी आयुष्यात ऐकला नाही. तिला खरोखरच कळत नव्हते आणि कळून घ्यायचे होते. सरांना मात्र त्यात मिजास ऐकू आली.

"उलट उत्तर देतेस?"

"उत्तर नाही, सर. प्रश्न आहे."

"बाहेर हो! उद्या आईला घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस."

उत्तर नको असलेल्या प्रश्नाला तिने उत्तर दिले म्हणून ती उद्धट ठरली. उत्तर हवे असलेला प्रश्न विचारला, तर आणखी उद्धट ठरली. मी गजावर लटकले होते. माझा दांडा कोणी धरला नाही.

दुसऱ्या दिवशी आई आली. ती बसवर कंडक्टर आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आली होती, अंगावर गणवेश आणि खांद्याला पिशवी. मधली सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामा होता. सरांचे सगळे ऐकून घेऊन ती लेकीकडे वळली.

"काय गं बाई? घरी मी विचारते ना, तुझे कान काय चरायला गेलेत? तेव्हा कधी सांगितलंस कुठल्या माळावर गेलेत ते?"

"नाही."

"का नाही?"

"तुला उत्तर थोडंच हवं असतं? तू ओरडत असतेस."

"मग मॅडम काय लाडात आल्या होत्या?"

"ते इंग्रजीत होतं, आई. आपल्याकडे इंग्रजीत कोण ओरडतं? मला वर्गातलंच इंग्रजी येतं. वर्गात सांगितलंय, प्रश्न आला की उत्तर द्यायचं, तेही पूर्ण वाक्यात." शंकूने मान खाली घातली. "पूर्ण वाक्यात तर मी दिलंच नाही."

आईला हसू आले. तिने ते पदर नसल्यामुळे पिशवीच्या पट्ट्याआड दाबले. मग ती सरांना म्हणाली, "सर, पोरगी खोडकर नाही हो. तुम्हीच सांगा, हिला हे कोणी शिकवलंय का?"

सरांनी घड्याळाकडे पाहिले. "त्याला इंटरॉगेशन म्हणतात, अलंकार आहे तो. पुस्तकात आहे. उद्या घेऊन टाकतो."

शंकूने मोठ्या बाईंची माफी मागितली आणि ती आपल्या बाकावर परतली. सरांनी शब्द पाळला. फळ्यावर व्याख्या लिहिली, उदाहरण लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या. "एका मार्काला येतो. लिहून घ्या."

शंकूने लिहून घेतले. मग शेजारणीला कुजबुजत म्हणाली, "पण नुसतं ऐकून कसं कळणार गं, कुठला खरा प्रश्न आणि कुठला तसला?"

"गप बस. पुन्हा आईला बोलावतील."

हाच तर विचारायचा प्रश्न होता! शंकूचा हात खांद्यापर्यंत वर आला. एवढ्यात सर खडू ठेवत म्हणाले, "समजलं ना?"

"हो, सर!" वर्ग एका सुरात म्हणाला.

एरवी या आरोळीनंतर शंकूचा बारीक आवाज यायचा, "मला नाही समजलं, सर," आणि सगळा वर्ग कण्हायचा. आज ती सरांकडे नीट बघत राहिली. सर डस्टर उचलत होते. मला वाटते, तिने मनातल्या मनात वाक्य तपासले आणि ठरवले, हाही तसलाच. तिचा हात खाली गेला.

"बघा!" सर खूश होऊन म्हणाले. "आज शंकूलासुद्धा समजलं."

त्याला आता बरेच दिवस झाले. तिचा हात अजून वर आलेला नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको. कपाटात जागाही नको. झरोक्याची कडी मी ओढत राहीन. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शिक्षक झाले, आई किंवा बाबा झाले, तर 'समजलं ना?' म्हटल्यावर जरा थांबा. उत्तर नको असेल तर विचारू नका, सरळ पूर्णविराम द्या.

आणि तोवर, शंकूला काय समजलेले नाही, हे तुमच्यापैकी कोणी तिला जाऊन विचाराल का? मी उत्तरासाठी विचारते आहे.