मागचा दोर

माझ्या मेव्हण्याने माझी नाव फोडली, हे मी सहा दिवस भेटेल त्याला सांगत होतो. गिरणीवर दळण घेताना सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं. गल्लीतल्या कुत्र्याला मराठी कळत असतं तर त्यालाही सांगितलं असतं.

नाव म्हणजे कयाक. दोन्ही टोकांना निमुळती, पंधरा फूट लांब, एकट्याने आत बसून वल्हवायची. चौतीस वर्षं मी शाळेत सुतारकाम शिकवलं. निवृत्तीनंतर लोकांचे देव्हारे आणि पाट करून कंटाळलो आणि चौदा महिने अंगणात खपून ही नाव केली. पातळ प्लायवूडच्या पट्ट्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने पट्ट्या एकमेकींना शिवायच्या, शिवणीवर इपॉक्सी गोंदाचा लेप द्यायचा आणि वरून काचेच्या धाग्यांच्या कापडाची पट्टी चिकटवायची. मानवतमध्ये असली वस्तू कोणी केली नव्हती. लोक भिंतीवरून डोकावून विचारायचे, "गुरुजी, पूर यायलाय का?" मी उत्तर देत नसे. मूर्खांना उत्तरं देण्याचा पगार मला चौतीस वर्षं मिळाला, आता बंद झाला.

मला घाई होती. कारण कोणाला सांगितलं नव्हतं. वर्षभरापासून माझे हात कापतात. परभणीचा डॉक्टर म्हणाला, हे वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर सावकाश वाढेल. घरी मी चष्म्याचा नंबर काढून आलो असं सांगितलं. ज्याने पोरांच्या हातावर फूटपट्टी मारून रंधा सरळ धरायला लावला, त्याचेच हात आता ऐकत नाहीत, हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. हात वळताहेत तोवर नाव पाण्यात घालायची आणि एकदा तरी स्वतः वल्हवायची, एवढंच मला हवं होतं.

आता मेव्हण्याबद्दल. गोपाळ हा माझ्या बायकोचा, नर्मदाचा, धाकटा भाऊ. पिकअप चालवतो. हंगामात कापूस वाहतो, एरवी मिळेल ते. आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या मुलीच्या, राजेश्रीच्या लग्नात मामाला फेटा बांधायचा तर टोपी दिली, म्हणून हा भरल्या ताटावरून उठून गेला. फेटे कमी पडले होते, त्याला मी काय करू? पण एवढी लांब नाव न्यायला दुसरा कोणी तयार होईना. नर्मदाने मला न विचारता त्याला फोन केला.

गोदावरीच्या बंधाऱ्यावर जायचं होतं. गोपाळने नावेखाली बारदान अंथरलं, वरही बारदानाच्या घड्या ठेवल्या आणि तागाच्या दोरांनी नाव बांधली. माझा विश्वास नव्हता, म्हणून मी अंगणातली धुणं वाळत घालायची हिरवी दोरी सोबत घेतली. पाथरीला चहाला थांबलो. हा टपरीवर खिदळत बसला. मी मागे जाऊन बांधाबांधीवरून एकदा हात फिरवला. पुढचा रस्ता उखडलेला होता आणि गाडी सारखी आपटत होती.

बंधाऱ्यावर उतरून बघतो तर नावेच्या मागच्या भागात, बाजूच्या शिवणीवर हातभर लांब चीर. प्लाय आत दबलेला, पट्टी फाटलेली. 

"कापसाची गाडी आवळल्यासारखी आवळलीस," मी त्याला म्हणालो. सहा वर्षांतलं हे पहिलं बोलणं. "काठी घालून पीळ दिला की कापूस दबतो, लाकूड दबत नाही. एवढी अक्कल तुला असती तर काय पाहिजे होतं?"

 त्याने मागच्या दोराकडे एकदा बघितलं आणि तो मुकाट्याने सोडायला लागला. त्याचं ते गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं मी नर्मदाला त्याच संध्याकाळी ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझी धुण्याची दोरी कुठंय?" माझी चौदा महिन्यांची मेहनत फुटली आणि हिला धुण्याची पडली होती. त्यात वर्षभरापासून तिला काटकसरीचा झटका आला होता, चहासुद्धा अर्धाच कप द्यायची.

दुरुस्तीला लागलो. फाटलेली पट्टी खरवडून काढली, दबलेला प्लाय दोन दिवस आतून टेकू देऊन सरळ केला, कडांना भोकं पाडली. भोकं पाडायला यंत्र होतं, ते निभावलं. मग तार घालायची वेळ आली. नाव मागच्या बाजूला वरून बंद असते. आत जायला ताटलीएवढं झाकण, त्यातून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि न बघता तार भोकातून बाहेर काढायची. मी दुपारभर प्रयत्न केला. आत हात असा थरथरायचा की तार भोकाच्या भोवती फिरायची, आत शिरायची नाही. तीन तारा तुटल्या. शेवटी मी पक्कड भिरकावली, ती पाण्याच्या पिंपावर आदळली आणि पिंपाला पोचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळ दारात. हातात दाभण, पोती शिवायची असते ती मोठी वाकडी सुई.

"याला कोणी बोलावलं?" मी नर्मदाला विचारलं.

"मी बोलावलं," ती म्हणाली. "त्यानं फोडलं म्हणायलाव ना? मग त्यालाच शिवू द्या."

 कामाला लागलो, पण मी त्याच्याशी बोलणार नव्हतो. बोलणं नर्मदामार्फत चाललं.

"त्याला सांग, तार तिरकी ओढू नको म्हणावं."

"आक्का, त्यायला सांग, मी पंधरा वर्सं पोती शिवायलो."

"त्याला सांग, हे पोतं नाही."

"दोघं बी भैरे न्हाईत," असं म्हणून नर्मदा चहा टाकायला आत गेली. मग आम्ही दोघे मुक्याने काम करू लागलो.

आणि सांगायला जिवावर येतं, पण त्याचा हात चांगला होता. खांद्यापर्यंत हात आत घालून, मान दुसरीकडे वळवून, तो नुसता चाचपायचा आणि दाभण बरोबर भोकातून वर यायची. मागोमाग तार. मी बाहेरून पकडीने पीळ द्यायचा. पीळ द्यायला तरी माझे हात अजून पुरत होते. चीर हळूहळू मिटत गेली. मला त्याचा जास्तच राग आला.

शिवण झाल्यावर कडा घासायला मी वाळूचा कागद घेतला. तेव्हा दिसलं. चिरेच्या जरा वर, वॉर्निशमध्ये दोरीचा वळ उमटला होता, पिळासकट, नखभर खोल. आणि त्यात अडकलेला धागा. हिरवा.

गोपाळचे दोर तागाचे होते, सगळेच्या सगळे. आणि त्यांच्याखाली बारदानाच्या घड्या होत्या. या वळाखाली काही नव्हतं.

मला आठवत नव्हतं असं नाही. मला आठवायचं नव्हतं. पाथरीला मी नावेवरून धुण्याची दोरी टाकली, गाठ मारायला गेलो तर बोटं गाठ धरीनात. दोनदा सुटली. टपरीकडून कोणी बघेल या भीतीने मी रस्त्यावरची एक काठी उचलली, दोरीत घातली आणि फिरवली. गाठीचा भरवसा नव्हता म्हणून आणखी फिरवली. कापसाची गाडी आवळतात तशी.

मी वर बघितलं. गोपाळही त्या धाग्याकडेच बघत होता. त्याने नखाने धागा काढून खिशात टाकला, माझ्या हातातला कागद घेतला आणि तो वळ घासायला लागला. आतून कपबशांचा आवाज येत होता. तो घाईने घासत होता.

"गोपाळ," मी म्हणालो. "काठी मी घातली होती."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"टपरीवरून गाडीच्या आरशात दिसायलं व्हतं, दाजी. तुमची गाठ बसत नव्हती." त्याने वर बघितलं नाही. "बंधाऱ्यावर दोरी अन् काठी मीच काढली. दोरी गाडीतच हाय."

"मग सहा दिवस गावभर शिव्या का खाल्ल्यास? तोंड नव्हतं तुला?"

"शिव्या देताना तुमाला हाताचं ध्यान ऱ्हात न्हाई," तो म्हणाला. "म्हणलं, देऊ द्या."

मला लाज वाटली. इतकी की त्याच्याकडे बघवेना. आणि खरं सांगतो, रागही आला, कारण सहा वर्षं जपलेला राग त्याने माझ्या हातातून काढून घेतला होता आणि मी नको म्हणू शकत नव्हतो.

"नीट घास," मी म्हणालो. "उभा घास. लाकडाच्या रेषेवर आडवं घासत नाहीत."

"लग्नात तुमी माझा फेटा बी असाच आडवा मारला व्हता," तो म्हणाला आणि उभा घासू लागला.

लेप वाळायला तीन दिवस गेले. रविवारी सकाळी गाडी पुन्हा दारात लागली. मी नर्मदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "दोर तूच बांध. मागचा मीच आवळला होता. माझ्या हाताने आता गाठ बसत नाही."

नर्मदा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती दचकली नाही.  गोपाळला तिने काठोकाठ भरलेला कप दिला. मग माझा कप पुढे केला. नेहमीसारखा अर्धा. वर्षभर ती मला अर्धाच देत होती, सांडू नये म्हणून.

मी खिशातून दोन्ही हात काढले, कपबशी धरली आणि तिच्यासमोर उभा राहून प्यालो. कप बशीवर वाजत होता. वाजू दिला.