आवक क्रमांक दहा

भूपाल मगदूम पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या ऑफिसात आवक-जावक कारकून होते. नोकरी संपली, पण आवक-जावक काही संपली नाही. हातकणंगल्याच्या त्यांच्या घरात येणारा कुठलाही कागद, मग ती लग्नपत्रिका असो की नळाचं बिल, आवक क्रमांक आणि तारीख पडल्याशिवाय उंबऱ्याच्या आत सरकत नसे. पत्र आलं की त्याची पोच द्यायची, हे तर त्यांचं व्रतच. असा माणूस उतारवयात फेसबुकवर भांडायला लागला तर कसा भांडेल? 'विषय' आणि 'संदर्भ' लिहून भांडेल. भूपालराव तसेच भांडत होते. महिनाभर ज्याच्याशी भांडत होते तो आपला स्वतःचाच मुलगा आहे, एवढं मात्र त्यांना माहीत नव्हतं.

मुलाला माहीत होतं. जिनेंद्र शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, तपासायच्या टेबलावर कामाला होता, उचगावात खोली घेऊन एकटा राहत होता आणि चार वर्षांत बापाशी एक शब्द बोलला नव्हता. फेसबुकवर त्यानं नाव घेतलं होतं 'गिरणीचा पट्टा'. वाचणाऱ्यांना ते गमतीचं वाटे. ज्यांनी त्या पट्ट्याचा मार खाल्ला होता, त्यांना हसू येत नसे.

हा पट्टा होता 'सन्मार्ग छाया' नावाच्या किशोर व्यसनमुक्ती निवासातला. पन्हाळ्याच्या रस्त्याला, उसाच्या आत, पत्र्याच्या दोन शेड. नाव छाया आणि शिक्षा उन्हात उभं राहायची. सोळाव्या वर्षी जिनेंद्र गांजा ओढताना सापडला. ओढला होता, हे त्यानं कधी नाकारलं नाही. चार वेळा ओढला होता. पाचव्या वेळेची वाट न बघता बापानं छाया चालवणाऱ्या कृष्णात सरांना फोन केला. भर दुपारी, ताट वाढलेलं असताना चौघे जण आले आणि त्याला पाटावरून उचलून घेऊन गेले. आई पदर तोंडात धरून उभी होती. दार बापानं उघडून धरलं होतं.

छायात तो वर्षभर होता. पहिल्याच रविवारी वॉर्डन गुंडूमामानं नव्या पोरांना ओळीनं बसवलं आणि फळ्यावर एक पत्र लिहिलं. 'तीर्थरूप आई-आण्णांना साष्टांग नमस्कार. मी चुकलो होतो. इथे मला खरे आईवडील भेटले. सर सांगतील तितके दिवस मला इथेच ठेवा. माझी काळजी करू नका. मी इथे सुखात आहे.' हे बारा वेळा उतरवून काढायचं. तारखेची जागा मोकळी सोडायची. पुढं दर महिन्याला त्यातलं एक काढून, वर तारीख घालून, गुंडूमामा पोस्टात टाकायचा. कुणी लिहायला नकार दिला, तर खुंटीला गिरणीचा पट्टा टांगलेला होताच.

जुलैत जिनेंद्रचं उजवं मनगट मोडलं. गुंडूमामानं हात पिरगाळून तो दारात धरला आणि दार लोटलं. आईबापाला कळवलं गेलं की मोरीत पाय घसरला. भूपालराव दवाखान्यात आले. बोटं प्लास्टरच्या बाहेर सुजून आलेली, चमचा धरता येईना, म्हणून घरच्या जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत त्यांनी पोराला स्वतःच्या हातानं शिरा भरवला. चौथ्या घासाला पोरगा कानाशी लागून म्हणाला, "आण्णा, मला घरी न्या. हितं मारत्यात."

भूपालरावांनी घास खाली ठेवला. "सरांनी सांगितलंतं मला, तू आसंच बोलणार म्हणून," ते म्हणाले.

पालकसभेत सर प्रत्येकाला हेच सांगत. पोरं मारहाणीच्या गोष्टी रचतील, रडतील, पाया पडतील. ते पोर बोलत नसतं, व्यसन बोलत असतं. एकदा हे आईबापाच्या डोक्यात बसलं की पोरानं काही सांगितलं तरी पंचाईत आणि न सांगितलं तरी पंचाईत. भूपालरावांनी पोराचं तोंड पुसलं, डबा बंद केला आणि ते एसटीनं घरी गेले. पोरगा आणखी सहा महिने छायात राहिला.

याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं जिनेंद्रच्या मनात तो चौथा घास होता. त्याला सरांचा सूड घ्यायचा होताच, पण पहिला बापाचा. बापानं सगळ्यांसमोर, ज्या पानावर छायाचे गोडवे गातो त्याच पानावर, एकदा लिहायला हवं होतं की माझा पोरगा खरं बोलत होता. आणि ते लिहिताना त्याचा हात थरथरायला हवा होता. आपल्याला हे हवं आहे याची जिनेंद्रला लाज वाटत नव्हती.

संधी छायानंच दिली. महिन्याभरानं, एका रविवारी तिथं मुलींच्या विभागाचं उद्घाटन होतं. अठरा मुलींची नावं आधीच आली होती. समारंभात पालक प्रतिनिधी म्हणून भाषण करायचा मान भूपाल मगदुमांना होता. छायाच्या फेसबुक पानावर पालकांनी आपले अनुभव लिहावेत असं आवाहन आलं, आणि अनुभव लिहायला पालकांच्या आधी पोरंच येऊन धडकली. सगळी आता पंचविशीतली. व्हॉट्सॲपवर त्यांचा 'उन्हातले' नावाचा ग्रुप होता. नेसरीचा सोमेश त्यांत तोंडानं सगळ्यात फाटका. त्यानं स्वतःच्या नावानिशी, पाठीच्या फोटोसकट लिहिलं.

मग जुंपली. समर्थक म्हणाले, मार खाल्लात म्हणून तर आज माणसात आहात. कुणी म्हणालं, आमच्या मास्तरांनी आम्हाला कमी हाणलं काय, आम्ही नाही रडत बसलो. एकानं सोमेशला विचारलं की हे लिहायला तुला कुणी किती दिलं. गडहिंग्लजकडच्या शांतादेवी नावाच्या बाईंनी लिहिलं की आमचा रेवणसिद्ध छायातनं आला तेव्हापासनं कुणाला उलटून बोलत न्हाय, दिवसदिवस गप बसून असतो, सरांचे उपकार कुठं फेडू. उन्हातल्यांपैकी दोघांना रेवणसिद्ध आठवत होता. तो गप का बसतो हेही ते सांगू शकले असते. पण आईला ते कुणी सांगावं?

आणि या सगळ्यात भूपालराव. 'विषय: आपले बिनबुडाचे आरोप. संदर्भ: आपली काल दुपारी १.१२ ची कॉमेंट. महोदय, माझा चिरंजीव सदर संस्थेत एक वर्ष होता. त्याने स्वखुशीने दरमहा पत्र पाठविले आहे. सबब आपले म्हणणे अमान्य.' खाली पूर्ण नाव आणि गाव. सोमेशनं फोन करून जिनेंद्रला सांगितलं की तुझ्या म्हाताऱ्याला फेसबुकनं एक रबरी शिक्का द्यायला पायजे. सोमेश हसला. जिनेंद्र हसला नाही. बापाच्या प्रत्येक कॉमेंटमध्ये तो एकच शब्द शोधत असे, चिरंजीव. हे चिरंजीव आज कुठं राहतात, काय खातात, बापाला ठाऊक होतं काय?

मग त्यानं गळ टाकला. गिरणीच्या पट्ट्यानं लिहिलं, 'सगळ्यांची पोरं स्वखुशीनं पत्रं लिहीत होती म्हणता, तर एखादं पत्र दाखवा की.' पालक तयारच होते. शांतादेवींनी देवघरातल्या पोथीत जपलेलं पत्र काढलं आणि फोटो टाकला. इचलकरंजीच्या एकांनी फ्रेमच करून घेतलेली. संध्याकाळपर्यंत नऊ पत्रं आली, त्यांत एक भूपालरावांनी टाकलेलं जिनेंद्रचं, आणि नऊही पत्रं शब्दाला शब्द एकच. इथे मला खरे आईवडील भेटले. मी इथे सुखात आहे. जिनेंद्रनं नऊच्या नऊ शेजारी शेजारी लावून टाकली आणि खाली काहीच लिहिलं नाही. त्याला वाटलं, झालं, जिंकलो.

कसलं काय. तासाभरात समर्थकांनी उत्तर काढलं. एका शाळेतली पोरं एकच प्रार्थना म्हणतात, मग ती खोटी काय? पोरांना पत्राचा मायना येत नसेल, सरांनी शिकवला असेल. भूपालरावांनी तर पट्ट्याचे आभार मानले. इतक्या मुलांच्या भावना एकसारख्या आहेत हे आपण सिद्ध केलेत, असं त्यांनी लिहिलं. वर हेही लिहिलं की अक्षर माझ्याच मुलाचे आहे, उजव्या हाताला बोरू देऊन ते वळण मी स्वतः लावले आहे, शंका असल्यास संपूर्ण फाईल सादर करतो.

जिनेंद्रनं त्या दिवशी संतापाच्या भरात एक चांगलं कास्टिंग भंगारात टाकलं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कसं उठवणार? पण संताप उतरल्यावर 'संपूर्ण फाईल' हे दोन शब्द त्याच्या डोक्यात घुटमळू लागले. आण्णांची संपूर्ण फाईल म्हणजे खरोखरच संपूर्ण. त्यातून चिटोरंसुद्धा गळणार नाही. त्यानं शांतपणे लिहिलं, 'फाईल अवश्य सादर करावी. क्रमानं, एकही कागद न गाळता.'

उद्घाटनाच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी फाईल आली. पंधरा कागद, पंधरा फोटो, प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात लाल शाईत त्या फाईलपुरता आवक क्रमांक आणि मिळाल्याची तारीख. एक, प्रवेश अर्ज. दोन, नियमावली. तीन ते आठ, पत्रं. नऊ, दवाखान्याचा कागद. त्याखाली भूपालरावांनी कौतुकानं लिहिलं होतं की संस्थेने किरकोळ दुखापतीतही किती तत्परतेने उपचार केले पाहा. दहा ते पंधरा, पुन्हा पत्रं.

जेवणाची सुट्टी होती. जिनेंद्रनं नववा कागद मोठा करून वाचला. उजवे मनगट, अस्थिभंग, प्लास्टर सहा आठवडे, अकरा जुलै. मग दहावा. माझी काळजी करू नका, मी इथे सुखात आहे, एकोणतीस जुलै. अक्षर घोटीव, वळणदार. त्याला दुःख झालं नाही, आनंदच झाला. त्यानं डबा बाजूला सारला आणि एकच ओळ लिहिली.

'आवक क्रमांक नऊ आणि दहा. दहावं पत्र चिरंजीवांनी कोणत्या हातानं लिहिलं?'

पहिली उत्तरं भलत्यांचीच आली. डाव्या हातानं लिहिलं असेल. मग कुणीतरी आठवण करून दिली की भूपालराव तर अक्षर उजव्या हाताचं म्हणतात. दुसऱ्या कुणी लिहून दिलं असेल. मग अक्षर मुलाचंच हे कसं? आधीच लिहून ठेवलं असेल, असं एक समर्थक बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर त्यानं ते पुसलं. पण तोवर ते सगळ्यांनी वाचलं होतं. जो माणूस कॉमेंटला दहा मिनिटांत पोच देतो, त्या भूपालरावांनी गुरुवार जाऊ दिला आणि शुक्रवारची दुपारही जाऊ दिली. आईचा फोन आला. आण्णा कालपासनं फाईल मांडीवर घेऊन बसल्यात, जेवले न्हाईत, काय झालंय तुला काय ठावं हाय का, असं तिनं विचारलं. जिनेंद्र नाही म्हणाला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे त्यानं स्वतःपासून लपवलं नाही.

शुक्रवारी सहा वाजता कॉमेंट आली.

'विषय: आवक क्र. १०. संदर्भ: आपला प्रश्न. महोदय, सदर पत्र चिरंजीवाने लिहिणे शक्य नव्हते. त्याच महिन्यात मी दवाखान्यात त्याला स्वतः भरविले आहे, कारण त्याला चमचा धरता येत नव्हता. त्या दिवशी त्याने मला मारहाण होते असे सांगितले होते. मी ते नोंदविले नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत नोंदविण्याची राहिलेली ही एकच बाब. माझा मुलगा खरे बोलत होता. रविवारी मी भाषण करणार नाही. ज्यांनी मुलींची नावे दिली आहेत त्यांनी आधी माझ्या घरी येऊन फाईल पाहावी. भूपाल मगदूम, हातकणंगले.'

छायानं ती कॉमेंट अर्ध्या तासात काढून टाकली. तोवर सोमेशनं फोटो काढून गावोगावी पोचवला होता. काढायच्या आधी तिच्याखाली शांतादेवींची एक ओळ आली होती. आमच्या पत्रावरली तारीखबी येगळ्या शाईची हाय, आज बघितली. शनिवारी सकाळी अठरापैकी सात मुलींची नावं मागं घेतल्याचं कळलं. दुपारी आणखी चार. सर फोन उचलेनात. उन्हातल्यांनी पोलिसांत द्यायचा अर्ज लिहायला घेतला, आणि सोबत जोडायच्या कागदांत सगळ्यात वर आवक क्रमांक नऊ आणि दहा होते.

जिनेंद्र ती कॉमेंट पुन्हा पुन्हा वाचत राहिला. हवं ते सगळं तिच्यात होतं, शब्दाला शब्द. हात थरथरला की नाही, एवढं तिच्यात दिसत नव्हतं.

शनिवारी सुट्टी होता होता त्याच्या व्हॉट्सॲपवर संदेश आला. फेसबुकवर नव्हे, त्याच्या स्वतःच्या नंबरावर, चार वर्षांनी. विषय नव्हता, संदर्भ नव्हता, खाली नाव-गावही नव्हतं. भूपालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बोलतात तसं लिहिलं होतं.

'जिनू, पट्टा म्हंजे तूच न्हवं का? वळखलं मी, फाईल आशी क्रमानं दुसरं कोण मागंल. माझं चुकलं बाळा. कसा हायस?'

फाउंड्रीच्या फाटकाबाहेर माणसं गाड्या काढत होती. जिनेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. येतो म्हणता आलं असतं, आई बरी आहे का विचारता आलं असतं. वीस पोरांना उन्हात उभं करून गुंडूमामा चहा कसा प्यायचा, तेही सांगता आलं असतं. त्याला चौथा घास आठवला, आणि तो खाली ठेवणारा हात. मग त्यानं उजव्या हाताच्या अंगठ्यानं, एकही अक्षर न चुकता लिहिलं,

'माझी काळजी करू नका. मी इथे सुखात आहे.'

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. तो फाटकापाशी अंधार पडेपर्यंत थांबला. आण्णांची पोच आली नाही.