राजाला कडबा, मला चघळ

मी भुरी. नावानंच भुरी, अंगानं काळी. म्हैस आहे आणि म्हैस म्हणूनच बोलतेय. कुणाला गोडगोड ऐकायचं असेल तर त्यानं खुशाल गाईच्या गोठ्यात जावं. गाईंना गोड बोलणं परवडतं. त्यांना वसुबारस आहे, बैलांना पोळा आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. म्हशीच्या नावानं एक सण दाखवा आणि मग मला गप्प बसवा.

माझं गाव अहमदपूरच्या अलीकडं, काळ्या रानात. राज्य निजामाचं, पैसाही त्याचाच, हाली. माझी आई साखराबाईच्या लग्नात आंदण म्हणून आली. नवरी पुढं गाडीत, आई मागं दाव्याला. तिच्या पोटी मी याच गोठ्यात झाले, म्हणून मीही आंदणाचीच. आमच्याकडं आंदणाचं जनावर सुनेचं. त्याचं दूध, त्याचं तूप, तुपाचा पैसा तिच्या हाताचा. तिला विचारल्याशिवाय नवऱ्यानं त्याच्या दाव्याला हात लावायचा नाही, अशी रीत. ही रीत कुणी घातली मला माहीत नाही, पण ती पाळताना पुरुषांचं तोंड कारल्यासारखं होतं, हे मी पाहिलंय.

घरात माणसं तीन. साखराबाई, तिचा नवरा बसवंत आणि सासू तुळजाबाई. गोठ्यात दोन म्हातारे बैल, ते मुकाट खायचे आणि मुकाट ओढायचे. त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. साखराबाई दर बाजाराला तुपाचं भांडं डोक्यावर घेऊन जायची. तिचं लुगडं, सासूचं औषध, घरातलं मीठ-मिरची, सगळं माझ्या कासेतून आलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. छे, मोठेपणा म्हणूनच सांगतेय. दुसरं कोण सांगणार?

मग राजा आला.

राजा म्हणजे देवणी जातीचा गोऱ्हा. बसवंतनं तो माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणला. पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान, पुढं आलेलं कपाळ. दिसायला देखणा होता. होता, मी कुठं नाही म्हणते? पण देखणेपणानं चुलीवरचं भांडं भरत नाही. आल्या दिवसापासून त्यानं एक काडी ओढली नाही आणि घोटभर दूध दिलं नाही. तरी बसवंत सकाळी उठला की आधी त्याच्याकडं. त्याच्या शिंगाला तेल, त्याच्या तोंडात गूळ. संध्याकाळी त्याच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवत बसायचा आणि म्हणायचा, "राजा, तुझी जोडी जुळवतो बघ. अख्खा तालुका बघत राहील."

माझ्या पाठीवर त्यानं कधी हात ठेवला नव्हता. ठेवला असेल तर मला वाटेतून सरकवायला.

मी जळत होते. लपवून काय करू? म्हशीच्या काळ्या कातडीवर जळालेलं दिसत नाही, एवढंच.

त्यात ते साल वाईट निघालं. पाऊस आला तसा गेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, ती जनावरांच्या तोंडालाही पुरली नाही. बिडातलं, म्हणजे राखीव कुरणातलं गवत तरी आमचं होईल म्हणावं, तर मोठी लढाई सुरू होती. उदगीरच्या ठेसनावर कुणी व्यापारी आला, त्यानं भोवतालच्या गावांचं गवत उभंच्या उभं घेतलं. ते म्हणे लोखंडी यंत्रात दाबायचं, तारेनं आवळून त्याच्या गाठी करायच्या आणि आगगाडीत भरून फौजेच्या घोड्यांना धाडायच्या. घोडा मी जवळून पाहिलेला नाही. पण इथल्या बांधावरचं हिरवं गवत खाऊन कुठंतरी दूर फुरफुरणाऱ्या त्या घोड्यांवरही मी जळत होते. गवत असं तारेत बांधून जाताना कुणी पाहिलं होतं? आमच्याकडं गवत म्हणजे हात पसरला की मिळणारी गोष्ट. त्या वर्षी त्याला तिकीट लागलं.

मग कडबा विकत घेणं आलं. गावात गंजी उरली होती ती एका अण्णारावाची. कडबा शेकड्यानं मिळतो, शंभर पेंढ्यांचा एक भाव. पेंढी जाड की बारीक, ते विकणाऱ्याच्या मनावर. अण्णारावाचं मन त्या वर्षी फार बारीक झालं होतं. गाडी दारात उतरली तशी तुळजाबाई काठी टेकत बाहेर आली. तिनं एक पेंढी उचलली, तिचा आळा, म्हणजे बांधलेला बंद, मुठीत धरला आणि हलवून बघितली.

"अण्णाराव, ही पेंढी हाय का केरसुणी?"

"काकू, औंदा पाऊसच केरसुणीएवढा पडला, मी काय करू?"

"पाऊस देवानं पाडला. पेंढी तू बांधलीस. एका पेंढीच्या दोन करून राहिलास न्हवं? ह्या आळ्याची गाठ बघ, कालची हाय."

"घ्यायचं तर घ्या काकू, न्हाईतर उदगीरला गाडी लावतो. तिथं घोडे बी खातेत."

"घोड्याला घाल आन् तू बी खा. उतरव."

भाव ऐकून साखराबाईनं पदरात तोंड धरलं. पैसा तिचाच जाणार होता, तुपाचा. म्हणजे माझा.

आणि तो कडबा कुणापुढं पडला? राजापुढं. बसवंत पेंढी सोडायचा, झटकायचा, कोवळी पानं निवडून त्याच्या गव्हाणीत टाकायचा. तो लाडका पानं खायचा आणि ताटं तुडवायचा. ती खाऊन-तुडवून उरलेली दांडकी, त्यांना चघळ म्हणतात. ती चघळ गोळा करून बसवंत माझ्यापुढं लोटायचा. माझ्या तुपाच्या पैशानं आलेला कडबा, आणि मला त्याच्या दातांनी चोथा केलेला! मी ती चघळ शिंगानं मागं लोटायचे. मग रात्रभर पोट तडकायचं आणि पहाटे मुकाट खायचे. भुकेपुढं ताठा फार वेळ टिकत नाही, पण माझा पहाटेपर्यंत टिकायचा, हे लक्षात ठेवा.

पुढं माझं दूध आटलं. पोटात रेडकू होतं, आटणारच. पण दूध आटलं की म्हशीचं घरातलं नावसुद्धा आटतं. मार्गशीर्ष सरत आला तसं बसवंतनं गोठ्याच्या दारात उभं राहून बायकोला सांगितलं. तिच्याकडं न बघता, खुंट्याकडं बघत.

"येळवस झाली की भुरीला माळेगावला नेतो. तिच्या पैशात राजाचा उन्हाळ्यापातूर कडबा येतोय."

साखराबाई शेणाच्या पाटीवरून उठली. "काय म्हनलात?"

"भाकड हाय ती आता. दोघांना पुरत न्हाई."

"भाकड? गाभण हाय ती! आन् तुमाला ठावं न्हाई का, कडबा महाग झाला की जनावर मातीमोल होतं? चार महिन्यानं दूध देईल ती म्हस मातीत इकायची, आन् जो काडी ओढत न्हाई त्याला जावई करून ठिवायचा?"

"राजा पुढच्या साली सोनं देईल."

"पुढच्या साली! आन् हिनं मागच्या सात साली दिलं ते काय, शेण?"

"इज्जतीचा सवाल हाय साखरे. देवणी गोऱ्हा हाय तो. म्हशीनं काय घराची शोभा वाढते?"

तेव्हा ती बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आंदणाची म्हस हाय. तिला बाजारात न्यायचं तर मला बी तिच्या संगट दाव्याला बांधून न्या. दोघींचा भाव एकदम करा."

बसवंतनं बेत बदलला नाही. रीत त्याला माहीत होती, पण कडब्याचा भावही माहीत होता. आणि तुळजाबाई? ती एवढंच म्हणाली, "येळवस होऊ द्या. सणाच्या तोंडावर भांडू नका."

येळवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या. आमच्या मुलखात त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही, सगळे रानात. रानाच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून लक्ष्मीचा कोप, म्हणजे खोपी करायची, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. पूजा, भज्जी, आंबील, उंडे, येईल त्याला जेवण. त्या वर्षी लोकांनी तुराट्यांचे नाहीतर कापसाच्या पळाट्यांचे कोप केले. कडबा उभा करायला होता कुणाकडं? पण बसवंतला शोभा पाहिजे होती. पाहुण्यांनी बघावं म्हणून त्यानं अण्णारावाच्या गंजीतल्या निवडक पेंढ्या आणल्या आणि पिवळाधमक कोप उभा केला. त्याच्या एका अंगाला राजा, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. दुसऱ्या दिवशी मला बाजारात न्यायचं होतं, म्हणून मीही रानात होते. लांब, बाभळीखाली.

मला तिथं बांधलं साखराबाईनं. तिची गाठ सुटलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवशी सुटली.

पूजा झाली. बसवंत घोंगडी पांघरून आंबील शिंपत रानाला फेरा घालायला निघाला, माणसं आरोळ्या देत त्याच्यामागं. कोपापाशी कुणी उरलं नाही. मी चालत गेले. घाई केली नाही. राजा समोरच बांधलेला होता, त्याच्या नाकासमोर मी पहिली पेंढी ओढली. पानं! पालेदार, वाळकी, गोड पानं, कुणाच्याही दाताखालून न गेलेली. मी एक पेंढी खाल्ली, दुसरी खाल्ली. तो दावं ताणून हंबरत होता. असला गोड आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

माणसं परतली तेव्हा कोप नव्हता. पाच दगड उघड्या उन्हात बसले होते आणि मी शेवटचा आळा चघळत होते.

बसवंतनं काठी उगारली. "अवदसा! लक्षुमीचा कोप खाल्ला!"

"बसवंता, काठी खाली टाक." तुळजाबाई पुढं आली. पाहुणे, शेजारी, सगळं रान ऐकत होतं. "लक्षुमीचा कोप कोन खातंय? लक्षुमीच खाती. गाभण जनावर हाय, सणाच्या दिशी आपल्या पायानं येऊन निवद घेतला तिनं. आता ने की तिला माळेगावला! बसवंतानं लक्षुमी इकली म्हनून गाव तुझ्या तोंडात शेण घालंल."

"पर माय, म्हस हाय ती..."

"म्हस हाय म्हनूनच काळी हाय. लक्षुमी काय तुला पुसून रंग ठरवंल?"

लोक हसले, मान डोलवायला लागले. कुणी बाई पुढं येऊन माझ्या कपाळाला कुंकूही लावून गेली. खरं सांगू? मला लक्ष्मीबिक्ष्मी कुणीही आठवली नव्हती, मला कडबा दिसला होता. पण सासूनं सुनेकडं बघितलं, सुनेनं सासूकडं, आणि दोघींनी पदर सारखा केला.

कडबा मात्र दोघांपुरता नव्हताच. माळेगावला राजा गेला. बसवंत त्याला घेऊन निघाला तेव्हा वेशीपर्यंत माणसं बघायला आली. तेही मला सहन झालं नाही. मला नेलं असतं तर कोण आलं असतं?

जनावर विकलं की दावं विकत नाहीत, ते मालकानं परत आणायचं. बसवंत चार दिवसांनी नुसतं दावं घेऊन आला. स्वतः वळलेलं, हिरव्या-तांबड्या सुताचं. ते खांद्यावर टाकून तो ओसरीवर बसून राहिला, जेवला नाही. साखराबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं, आणि माझ्यापुढं अख्खी पेंढी सोडली.

पुढं मी व्याले. पारडी झाली, माझ्यासारखीच काळी. घरात पुन्हा तूप आलं. आता मी म्हातारी झालेय, पण उभी आहे. तुमच्याकडं एकच मागणं. कडबा विकत घ्यायची पाळी आली, तर तो कुणाच्या जिवावर घेताय ते आधी बघा, आणि पहिली पेंढी तिच्यापुढं सोडा. शोभेला मागून घाला.

ते हिरवं-तांबडं दावं एके दिवशी बसवंतनं माझ्याच गळ्यात बांधलं. मला वाटलं, जिंकले. आता तो संध्याकाळी माझ्यापाशी बसतो, दाव्यावरून हात फिरवतो, माझ्या पाठीवरून नाही. त्या सुताला अजून त्या गोऱ्ह्याचा वास येतो. माझ्या गळ्यात असूनसुद्धा.